आयट्रान्स : रोमन कळफलकावरून देवनागरी

भारतीय भाषांतील मजकूर साध्या इंग्रजी कळफलकावर टंकून तो मूळ लिपीत छापण्यासाठी तयार झालेली संगणकप्रणाली म्हणजे ‘आयट्रान्स’. अविनाश चोपडे यांनी १९९१च्या सुमारास अमेरिकेत तिचे काम सुरू केले. व्यक्तिगत प्रकल्प म्हणून वाढलेली ही प्रणाली मूळ संकेतावलीसह विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आली.

पार्श्वभूमी : युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१मध्ये प्रसिद्ध झाली, मात्र घरोघरीच्या संगणकांवर देवनागरी सहज उमटण्यास त्यानंतर बराच काळ लागला. त्या काळात परदेशस्थ भारतीय यूजनेटवर हिंदी चित्रपटगीतांची चर्चा करीत. तेथे गीतांचे शब्द रोमन लिपीत, पण निःसंदिग्धपणे लिहिण्याची निकड होती. आयट्रान्सची लेखनपद्धती तेथे रुजली व स्वयंसेवकांच्या श्रमांतून ‘आयट्रान्स साँग बुक’ हा गीतसंग्रह उभा राहिला. संस्कृत ग्रंथांच्या संगणकीकरणातही हीच पद्धती रूढ झाली.

कार्यपद्धती : प्रत्येक ध्वनीसाठी रोमन अक्षर किंवा अक्षरगट निश्चित केलेला आहे. लहान ‘टी’ म्हणजे ‘त’, मोठा ‘टी’ म्हणजे ‘ट’. लहान ‘एन’चा ‘न’, मोठ्या ‘एन’चा ‘ण’. मोठ्या ‘एल’ने ‘ळ’ उमटतो. ‘ज्ञ’साठी अनेक पर्याय असून त्यांतील ‘डी-एन-वाय’ हा मराठी उच्चाराला धरून आहे. अशी फाइल वाचून प्रणाली टेक् या अक्षरजुळणी प्रणालीसाठी किंवा पोस्टस्क्रिप्टसाठी मजकूर सिद्ध करते. पुढे वेबपृष्ठे व युनिकोड यांचीही सोय झाली. देवनागरीखेरीज तमिळ, तेलुगू, कन्नड, बंगाली, गुजराती व गुरुमुखी या लिपींनाही तिचा आधार मिळाला. ५.३० ही आवृत्ती जुलै २००१मध्ये आली.

मर्यादा : लहान-मोठ्या अक्षरांना भिन्न ध्वनिमूल्य असल्याने वाक्यारंभी किंवा विशेषनामात मोठे अक्षर वापरण्याची इंग्रजी सवय येथे चालत नाही; ‘नाव’चे ‘णाव’ होते. सलग रोमन मजकूर वाचणेही कष्टाचे ठरते.

महत्त्व : १९९०च्या दशकात बराच मराठी मजकूर विशिष्ट फाँटच्या खाजगी सांकेतिक मांडणीत साठवला गेला. तो फाँट हाती नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग तेवढी उरते. आयट्रान्समधील मजकूर मात्र ध्वनींवर आधारलेला, साध्या रोमन अक्षरांतला आणि नियम जाहीर असलेला. त्यामुळे तो कोणत्याही संगणकावर उघडतो व युनिकोडमध्ये विनासायास रूपांतरित होतो. मूळ प्रणालीचा वापर ओसरला, तरी तिची लेखनपद्धती ईमॅक्ससारख्या मुक्त संपादकांत आणि लिनक्सवरील टंकनसाधनांत आजही उपलब्ध आहे. प्रोग्राम जुना झाला; त्याने घालून दिलेला संकेत टिकला. पुढील पिढीसाठी मराठी मजकूर जतन करू पाहणाऱ्या प्रत्येकाने फाइल कोणत्या स्वरूपात साठवायची, हे ठरविताना हा अनुभव ध्यानी घेण्याजोगा आहे.