न थांबणारी लेखणी

महाभारत लिहून घेण्यासाठी व्यासांनी गणपतीला पाचारण केले, ही कथा मराठी घरांत लहानथोरांस ठाऊक आहे. आपली लेखणी क्षणभरही थांबता कामा नये, ही गणपतीची अट. आणि अर्थ उमजल्यावाचून एक अक्षरही लिहू नये, ही व्यासांची उलट अट. उच्चारलेला शब्द कागदावर उतरविण्याच्या कामी या दोन्ही अटी सारख्याच महत्त्वाच्या असतात. आज ध्वनिचित्रफितीतील बोलणे संगणकाकडून आपोआप लिहून घेण्याची विद्या सामान्य माणसाच्या हाती आली आहे. तिचा इतिहास पाहू लागले म्हणजे असे दिसते की, यातील पहिली अट पुरी करण्यास यंत्राला सत्तर वर्षे लागली. दुसरी मात्र अजून माणसाच्याच माथी आहे.

यंत्रापूर्वी हे काम माणसे करीत. रोमचा वक्ता सिसेरो याचा लेखनिक टायरो याने शीघ्रलेखनासाठी खुणा योजल्या, असे मानतात. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांची टीका लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा मराठीला विसरता येणार नाहीत. पुढे १८३७ मध्ये इंग्लंडात आयझॅक पिटमन यांनी ध्वनींवर आधारलेली लघुलेखनपद्धती प्रसिद्ध केली. या सर्वांच्या हातांना वेग होताच; परंतु कानामागे समजूतही होती.

यंत्राचा आरंभ अगदी बालबोध होता. १९५२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ‘ऑड्री’ नावाचे यंत्र तयार झाले. त्याला शून्य ते नऊ एवढे अंक ओळखता येत, आणि तेही बोलणाऱ्याच्या आवाजाशी आधी जुळवून घेतल्यावर. १९६२ मध्ये आयबीएम कंपनीने सिॲटलच्या जागतिक प्रदर्शनात ‘शूबॉक्स’ मांडले. त्याची शब्दसंपत्ती सोळा शब्दांची होती. १९७६ पर्यंत कार्नेगी मेलन विद्यापीठाची ‘हार्पी’ ही प्रणाली १,०११ शब्दांवर पोहोचली.

खरी कलाटणी मिळाली ती एका वेगळ्याच विचाराने. आयबीएममध्ये फ्रेडरिक येलिनेक आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात व्याकरणाचे नियम यंत्राला पढविण्याऐवजी संभाव्यतेचे गणित हाती धरले. ‘पाण्याचा’ या शब्दामागून ‘हंडा’ येण्याचा संभव अधिक, ‘अंडा’ येण्याचा अत्यल्प. मग ध्वनी अस्पष्ट असला तरी यंत्र ‘हंडा’ लिहील. अर्थ न कळताही बरोबर शब्द लिहिता येऊ लागला. हेच या विद्येचे बळ, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे हेच तिचे वैगुण्य.

दरम्यान दुसऱ्या एका बाजूने वाट मोकळी होत होती. ध्वनिचित्रफितीची संगणकीय फाइल ही एक पेटी असते. तिच्या एका कप्प्यात चित्र, दुसऱ्यात ध्वनी, आणि असल्यास तिसऱ्यात खालच्या ओळी. पेटीची आणि आतील मालाची बांधणी कोणत्या साच्याने केली, यावर ती कोणाला उघडता येईल हे ठरते. अनेक साच्यांवर एकस्वाचे हक्क होते. एमपी३ या सर्वपरिचित ध्वनिसाच्याचे परवाने देण्याचा कारभार २०१७ पर्यंत चालू होता. याला पर्याय म्हणून ऑग पेटी व तिच्यातील व्हॉर्बिस ध्वनी, २००२ मधील मात्रोस्का, २०१० मधील वेबएम हे मुक्त साचे पुढे आले. त्यांची रचना सर्वांस उघड असते. ती वापरण्यास कोणाची अनुज्ञा किंवा शुल्क लागत नाही. आज ठेवलेली फीत पन्नास वर्षांनी उघडावयाची झाल्यास, तिचा निर्माता उद्योग बुडाला तरी अडचण पडू नये, हा त्यातील मोठा लाभ आहे. विकिमीडिया कॉमन्ससारखा सार्वजनिक संग्रह म्हणूनच अशा साच्यांचा आग्रह धरतो.

पेटी खुली झाली, तसा लेखनिकही खुला झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये ओपनएआय या संस्थेने ‘व्हिस्पर’ ही आज्ञावली कोणालाही घेता येईल अशा परवान्याने प्रसिद्ध केली. तिला ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकविले होते. तिची कार्यपद्धती समजण्यास अवघड नाही. २००० साली सुरू झालेले ‘एफएफएमपेग’ हे मुक्त साधन पेटीतून ध्वनी वेगळा काढते. दर सेकंदाला त्याचे १६,००० नमुने घेतले जातात, तीस-तीस सेकंदांचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्याचा स्वरपट आखला जातो, आणि त्यावरून आज्ञावली एकेक शब्द अनुमानाने लिहीत जाते. प्रत्येक ओळ किती वाजता सुरू झाली व संपली, याची नोंदही ती ठेवते.

गणपतीची अट अशा रीतीने पुरी झाली. व्यासांच्या अटीचे काय? २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्हिस्परने लिहिलेल्या सुमारे एक टक्का तुकड्यांत कोणी उच्चारलीच नव्हती अशी वाक्ये आढळली. बोलताना अडखळणाऱ्या, मध्येच दीर्घकाळ थांबणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत हा दोष अधिक होता. माणूस गप्प राहिला, तरी लेखणी थांबली नाही. तिने स्वतःच्या पदरचे लिहिले.

दुसरी गोष्ट मराठी माणसाच्या अधिक जिव्हाळ्याची आहे. त्या ६,८०,००० तासांपैकी इंग्रजीखेरीज इतर ९६ भाषांच्या लेखनाच्या वाट्याला १,१७,००० तास आले. यादीत मराठी होती, कोंकणी नव्हती. भाषा ओळखताना यंत्र आपल्या यादीतूनच एक निवडते. गोव्यातील वृद्ध एकाच बैठकीत मराठीतून कोंकणीत जातो, बेळगावचा कानडीत, बडोद्याचा गुजरातीत; अशा बोलण्याचे यंत्राच्या हातून काय होईल, हे सांगावयास नको. उपाय आहे, पण तो श्रमाचा आहे. मोझिलाने २०१७ मध्ये आरंभिलेल्या ‘कॉमन व्हॉइस’ या उपक्रमात लोक स्वखुशीने वाक्ये वाचून आपला आवाज सर्वांसाठी खुला करतात, आणि इतर लोक तो ऐकून पडताळतात. मराठीही त्यात आहे.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नाने जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या लिहिल्या गेल्या. त्या लिहिणाऱ्यांना गावची बोली कळत होती. घरातील वडीलधाऱ्यांची फीत यंत्राकडून जरूर लिहून घ्यावी, वेळ वाचतो. परंतु तो मजकूर कच्चा खर्डा समजावा. ती बोली जाणणाऱ्या माणसाने फीत लावून ओळ न् ओळ तपासावी, आणि मूळ फीत मुक्त साच्यात मजकुराशेजारी जपून ठेवावी. नाहीतर, आजी जे कधी बोललीच नाही, तेच नातवंडे तिचे शब्द म्हणून वाचीत राहतील.