सुया आणल्या कोणी?

हैदराबादच्या मराठी घरांत डॉ. द्वारकानाथ कोटणीस कोण, हे सांगावे लागत नाही. त्यांचे सोलापूर इथून जेमतेम ३०० किलोमीटरवर, आणि शांतारामबापूंचा १९४६ चा चित्रपट थोरांच्या अजून लक्षात आहे. पण चिनी ॲक्युपंक्चर भारतात कोटणीसांनी आणले, असे बरेच जण समजतात. ते खरे नाही. कोटणीस शल्यचिकित्सक. चीनमध्ये शस्त्रक्रिया करीत, शिकवीत ते ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले.

सुया आणल्या त्यांचे सोबती, कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू यांनी. १९३८ साली मुंबईहून निघालेल्या पथकात अटल, मुखर्जी, कोटणीस आणि नागपूरचे चोळकर यांच्यासह ते पाचवे. (निरोपाला आपल्या हैदराबादच्या सरोजिनी नायडू होत्या.) परतल्यावर बसूंना आपल्या दवाखान्यात निवांत बसता आले असते. पण डॉक्टरकी हाती असताना १९५८ मध्ये ते पुन्हा चीनला गेले आणि विद्यार्थी होऊन ही विद्या शिकले. पुढच्याच वर्षापासून कलकत्त्यात उपचार सुरू केले, मग इतर डॉक्टरांनाही शिकवले. १९६२ च्या युद्धानंतर चिनी विद्या शिकवणे किती अवघड गेले असेल!

पुढे त्यांच्या पुढाकाराने काम वाढले तेही कोटणीस स्मृती समितीच्या नावाने, स्वतःच्या नव्हे. गैरसमजाचे मूळ बहुधा तेच. बसू १९८६ मध्ये गेले. पश्चिम बंगालचा ॲक्युपंक्चर कायदा झाला १९९६ ला. फाईल किती सावकाश सरकते, ते आम्हा सरकारी नोकरांना कोणी सांगायला नको.