आर्वीचा विक्रम

चांद्रयान-३ मोहिमेतील ‘विक्रम’ हे अवतरक यान २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवीय प्रदेशात उतरले, तेव्हा एक जुनाच प्रश्न पुन्हा विचारला गेला. पृथ्वीवरची दुःखे निस्तरलेली नसताना ही चंद्राची उठाठेव कशासाठी? हा प्रश्न क्षुद्र नाही आणि तो विचारणाऱ्याला अडाणी ठरवून भागणारही नाही. मात्र त्याचे उत्तर बहुधा भविष्यकाळात दिले जाते: पुढे असे होईल, पुढे तसे मिळेल. आम्हांला ते भूतकाळात, तेही अगदी शेजारच्या भूतकाळात शोधावेसे वाटते. तळवड्याहून इंद्रायणी ओलांडून चाकणला गेले की पुणे-नाशिक रस्ता लागतो. कारखान्यांची रांग सरली की राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव अशी गावे येतात. भारताच्या अवकाशयुगाचा बराचसा इतिहास या रस्त्याच्या दुतर्फा विखुरलेला आहे.

या इतिहासाची पूर्वपीठिका पुण्याजवळच सापडते. १९२७ मध्ये मुंबई आणि लंडन यांच्यात बिनतारी तारसेवा सुरू झाली. तिचे संदेश खडकीहून प्रक्षेपित होत आणि दौंडला ग्रहण केले जात. लघुलहरी वातावरणाच्या विद्युत्भारित थरावरून परावर्तित होऊन दूरदेशी पोहोचतात. हा थर दिवस-रात्रीनुसार आणि सूर्याच्या क्षोभानुसार बदलत असतो. म्हणजे परदेशाशी बोलणे हे अक्षरशः सूर्याच्या मर्जीवर अवलंबून होते.

ही पराधीनता संपवण्याची सुरुवात जुन्नर तालुक्यातल्या आर्वीत झाली. नारायणगावाजवळच्या या खेड्यात १९७१ मध्ये भारताचे पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र कार्यान्वित झाले. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीच्या फिरण्याच्या वेगानेच प्रदक्षिणा घालतो, म्हणून आपल्याला तो एका जागी स्थिर दिसतो. हिंदी महासागरावरच्या अशा उपग्रहाकडे तोंड करून आर्वीची भव्य तबकडी उभी राहिली. या केंद्राच्या उभारणीत भारतीय अभियंत्यांनीच पुढाकार घ्यावा, असा विक्रम साराभाई यांचा आग्रह होता, आणि त्या दृष्टीने अहमदाबादला १९६७ मध्येच एक प्रायोगिक भूकेंद्र सुरू झाले होते. ३० डिसेंबर १९७१ रोजी साराभाईंचे निधन झाले. आर्वीच्या केंद्राला त्यांचेच नाव मिळाले: विक्रम.

म्हणजे ‘विक्रम’ दोन झाले. एक चंद्रावर, एक आर्वीत. पहिला सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्याचे नाव त्याच रस्त्याने रोज जाणाऱ्यांनाही क्वचितच माहीत असते. यात एक विसंगतीही आहे. संपन्न राष्ट्रांशी चंद्राच्या शर्यतीत उतरण्याचे स्वप्न आपण पाहात नाही, परंतु प्रगत तंत्रज्ञान माणसांच्या खऱ्या प्रश्नांसाठी वापरण्यात आपण कोणाच्याही मागे राहता कामा नये, अशी साराभाईंची भूमिका होती. त्यांच्या नावाला चंद्रावरच्या विक्रमापेक्षा आर्वीचा विक्रम अधिक जवळचा आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

‘भूकेंद्र’ हा शब्दच मोठा अर्थपूर्ण आहे. अवकाशात काहीही पाठवा, त्याचे दुसरे टोक जमिनीवरच असावे लागते. तेथे ऐकणारे कोणी नसेल, तर वरचा आवाज निरर्थक. आर्वीपासून फार दूर नसलेल्या खोडदच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीने, म्हणजे जीएमआरटीने, याचा विलक्षण प्रत्यय दिला. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे ‘शियापरेली’ यान मंगळावर उतरू लागले, तेव्हा त्याचा अतिशय क्षीण संदेश खोडदला ऐकू येत होता. पृष्ठभाग गाठण्यापूर्वीच तो थांबला. यान कोसळले होते. ती वार्ता कोट्यवधी किलोमीटर ओलांडून जुन्नर तालुक्यातल्या एका खेड्यात पोहोचली.

आणि त्याच्या दोनच वर्षे आधीची ही घटना. नारायणगावाहून परत येताना मंचरला उजवीकडे वळले की घोडेगाव लागते, पुढे डिंभे धरण, आणि त्यापलीकडे माळीण. ३० जुलै २०१४ च्या सकाळी मुसळधार पावसात डोंगराचा कडा खचला आणि ते आदिवासी गाव गाडले गेले. १५१ माणसे दगावली. ही बातमी उपग्रहाने दिली नाही. ती दिली एसटीच्या चालकाने. नेहमीच्या फेरीला तो आला, तेव्हा जेथे गाव असायचे तेथे चिखल होता. उपग्रहांनी टिपलेली आधीची आणि नंतरची चित्रे शेजारी ठेवून अभ्यास झाला, परंतु तो नंतर.

येथे दोन उलट निष्कर्ष संभवतात. एक असा की उपग्रह व्यर्थ आहेत. तो टिकत नाही. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ च्या फायलिन वादळात मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. वादळाची वाट आधी कळली होती, हे त्याचे एक कारण. पण केवळ कळल्याने माणसे वाचत नाहीत. लाखो लोकांना घरे सोडायला लावणारी यंत्रणा गावोगाव पोहोचली, हे दुसरे आणि तितकेच महत्त्वाचे कारण.

दुसरा निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने उपग्रहचित्रांच्या आधारे भारतातील दरडींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. १९९८ ते २०२२ या काळातल्या सुमारे ८०,००० दरडींची त्यात नोंद आहे. त्यानंतर पाचच महिन्यांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. दरडप्रवण गावांच्या यादीत हे गाव नव्हते, असे शासनाने विधिमंडळात सांगितले. पुढच्याच महिन्यात विक्रम चंद्रावर उतरला.

या तारखांवरून अवकाशविज्ञानाला दोष देणे अन्यायाचे होईल. आमचे म्हणणे वेगळे आहे. साहित्याचा अध्यापक ज्याला वाचन म्हणतो, त्याचाच हा प्रश्न आहे. उपग्रहचित्र ही एक संहिता आहे. ती आपोआप बोलत नाही. तिच्यातला उतार, भेग, पाझर ओळखणारा वाचक हवा. त्याचे वाचन तहसील कचेरीपर्यंत यायला हवे, आणि तेथून डोंगरकुशीतल्या घरापर्यंत, त्या घराला समजेल अशा मराठीत. १९७१ मध्ये आर्वीत उभी राहिली ती जमिनीवरची एक तबकडी. माळीणच्या, इर्शाळवाडीच्या वाटेवर तसे भूकेंद्र अजून उभे राहायचे आहे, आणि ते लोखंडाचे असणार नाही.

चंद्रावर का जायचे, या प्रश्नाला आमचे उत्तर एवढेच: जरूर जावे. उंचावरून जे दिसते ते खालून दिसत नाही. पण जे दिसले ते खाली येऊन सांगणे, हा त्याच प्रवासाचा उत्तरार्ध आहे, आणि त्याखेरीज तो प्रवास पुरा झाला असे म्हणता येणार नाही.