बाळ येशूच्या कमरेचा तुंबा

सतराव्या शतकात गोव्यात हस्तिदंतातला एक बाळ येशू घडू लागला. रूप ‘उत्तम मेंढपाळा’चं. खडकाच्या माथ्यावर तो बसलाय, डोळे मिटलेले, गाल उजव्या हातावर. एक कोकरू खांद्यावर, एक मांडीवर. खाली झऱ्यावर पाखरं पाणी पितात, पायथ्याच्या गुहेत मग्दालीया मरीया आडवी. आणि कमरेला तुंबा! आमच्या तेलंगणातल्या तलमडुगुकडे गोंड-कोलामांची जुनी माणसं शेतात पाणी न्यायची ती असल्याच वाळल्या भोपळ्यातून.

मेंढरू खांद्यावर घेतलेला ख्रिस्त रोमच्या भुयारी कबरींत आहेच. तोही ग्रीकांच्या मेंढा वाहणाऱ्या हर्मीस देवावरून उचललेला.

भांडण आहे ते गोव्यातल्या या बाळाच्या झोपेवरून. डोळे मिटलेले, पाय दुमडलेले, म्हणजे हा ध्यानस्थ बुद्धच, असं बरेच अभ्यासक म्हणतात. मला ते पटत नाही. ध्यानाला बसलेला बुद्ध गालाला हात लावत नाही. इथे पद्मासनही नाही, पाय नुसते घोट्यांशी एकमेकांवर टाकलेत. शिवाय गोव्यातला बौद्ध धर्म तोवर लोपून शतकं झाली होती. गालावरचा हात युरोपचा. जर्मन चित्रकार ड्यूररच्या 1514च्या ‘मेलंकोलिया’ या कोरीव चित्रात तो आहे. अँटवर्पच्या वीरिक्स बंधूंची कोरीव छापचित्रं जेझुइटांनी जगभर नेली. माझ्या मते ही बैठक तसल्याच एखाद्या कागदावरून उतरली. गुहेतली मरीयाही इटालियन चित्रांतली.

मग इथलं काय? हात. दात मोझांबिककडून जहाजानं यायचा, कोरायचे इथले कारागीर. 1567च्या गोव्यातल्या पहिल्या प्रांतीय धर्मपरिषदेनं ख्रिस्ती प्रतिमांची कामं बिगरख्रिस्ती कारागिरांना देऊ नयेत, असं ठरवलं. कामं त्यांच्याकडे जात होती, म्हणूनच ना बंदी?

बाळाखालच्या खडकाळ डोंगराला कोणी मेरू म्हणतं, कोणी कैलास. पाद्र्यांच्या लेखी झरा म्हणजे जीवनाचा झरा. मी डोंगराला गोवर्धन म्हणेन. गुरं राखणारं देवाचं पोर आणि डोंगर हे जोडपं कोकणातल्या कारागिराला कोणी शिकवायला नको होतं.

तुंब्यावर आक्षेप येईल की स्पेनमधल्या सांतियागोचे यात्रेकरूही भोपळा बाळगत. खरं आहे, पण ते तो सहसा काठीला टांगत. इथे तो कमरेला आहे, गुराख्याच्या असावा तसा. आणि छापील कागदाला पाठ नसते. समोरचं चित्र कागदावरून उतरवता येतं. मूर्तीच्या कुशी आणि पाठ कारागिराला स्वतःच्या डोक्यानंच भरावी लागते.