प्रकाशाचा दाब आणि जोडताऱ्यांभोवतीची धूळ

जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेले ‘डब्ल्यूआर १४०’ या जोडताऱ्याचे छायाचित्र २०२२ साली प्रसिद्ध झाले. कापलेल्या ओंडक्यावर दिसतात तशी त्यात एकाबाहेर एक किमान सतरा वलये आहेत. साधारण दर आठ वर्षांनी हे दोन तारे निकट येतात, त्यांचे वारे एकमेकांवर आदळतात आणि धुळीचे नवे कवच जन्मते. हे वेळापत्रक गुरुत्वाकर्षणाचे. पण जन्मलेल्या धुळीला बाहेर लोटतो तो ताऱ्यांचा प्रकाश.

प्रकाशाच्या या रेट्याच्या अभ्यासाला एक भारतीय इतिहास आहे आणि तो क्वचितच सांगितला जातो. कण प्रकाशाच्या तरंगलांबीहून फार लहान असेल तर त्यावरील दाब नगण्य ठरतो, असे अभिजात सिद्धांत सांगे. मग अणूला प्रकाश ढकलणार कसा? कलकत्त्यात मेघनाद साहांनी पुंजसिद्धांताचा आधार घेतला: अणू प्रकाशाचा पुंज सबंध शोषतो आणि त्याचा संवेगही स्वीकारतो. १९१७ मध्ये त्यांनी यावर दीर्घ निबंध अमेरिकेतील ‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल’कडे धाडला. छपाईच्या खर्चाचा काही भार लेखकाने उचलावा, असे उत्तर आले. तेवढे पैसे साहांपाशी नव्हते. अखेर १९१९ मध्ये तिथे केवळ एक छोटे टिपण छापले गेले; दीर्घ निबंध विद्यापीठाच्या, फारसा कुठे न पोहोचणाऱ्या नियतकालिकात गेला. याच विषयावर पुढे इंग्लंडमध्ये मिल्न यांनी केलेले काम मात्र सर्वत्र वाचले गेले. विज्ञानातील श्रेय असे टपालखर्च नि छपाईखर्चावरही ठरते, हे मला आजही बोचते.

धुळीचे गणित अणूहून निराळे. गुरुत्वाकर्षण कणाच्या घनफळावर चालते, प्रकाश त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर. म्हणून कण जितका बारीक तितका प्रकाशाचा वरचष्मा. दोन्ही बले अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत असल्याने धूलिकणाला तारा जणू हलका झालेला भासतो. सोव्हिएत शास्त्रज्ञ राद्झिएव्हस्की यांनी १९५० मध्ये ही कल्पना त्रिपिंड समस्येत आणली. १९७९ मध्ये के. बी. भटनागर व जे. एम. चावला यांनी ‘इंडियन जर्नल ऑफ प्युअर अँड अप्लाइड मॅथेमॅटिक्स’मध्ये अशा परिस्थितीतील लाग्रांज बिंदूंचा अभ्यास मांडला. (‘आदित्य-एल१’ ज्याच्याभोवती फिरते तो सूर्य-पृथ्वीचा असाच एक बिंदू.) लाग्रांज यांनी १७७२ मध्ये दाखवलेला समभुज त्रिकोण इथे मोडतो: प्रकाशामुळे एका ताऱ्याची परिणामी ओढ आठव्या हिश्शावर आली, तर त्या ताऱ्यापासून त्रिकोणी बिंदूचे अंतर निम्मे होते.

तिथे धूळ कायमची साठेल का? १९८० मध्ये शूरमन यांनी दाखवले, की नाही. फिरत्या कणाला प्रकाश किंचित मागेही ओढतो, आणि त्या सूक्ष्म ओढीने हे बिंदू अस्थिर होतात. अनेक परिभ्रमणांनंतर धूळ तिथून हळूहळू पाझरून जाते.