मेन्स शेड

मेन्स शेड : पुरुषांनी एकत्र जमून सुतारकाम, जोडकाम, दुरुस्ती, बागकाम अशी हातची कामे करण्यासाठी चालवलेली सामायिक कार्यशाळा. सभासद बहुधा निवृत्त झालेले, विधुर, आजारातून उठलेले किंवा काम सुटलेले असतात. शेडमध्ये वस्तू तयार होतात, आणि त्या निमित्ताने माणूस घराबाहेर पडतो, चार जणांत बसतो. कोणाला वस्तूचे महत्त्व अधिक, तर कोणाला बैठकीचे. ही ओढाताण सांभाळणे हाच शेड चालवण्यातला मुख्य प्रश्न होय. चळवळ मूळची ऑस्ट्रेलियातली. मराठी मुलखात हे नाव परिचित नसले, तरी पार, वाढईचे (सुताराचे) आवार, भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ आणि हास्य क्लब यांनी तिचे काम थोडेथोडे वाटून घेतलेले दिसते. मध्य प्रदेशातील पांढुर्णा व सौंसर या मराठीभाषक तालुक्यांत यांपैकी काय आढळते, याचाही विचार या नोंदीत केला आहे.

उगम व प्रसार : ऑस्ट्रेलियात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हत्यारे मांडून खटपट करत बसणे ही पुरुषांची जुनी सवय. म्हातारपणी मोठे घर सोडून लहान घरात किंवा वृद्धाश्रमात जावे लागले की ही जागा हातची जाते. दक्षिण ऑस्ट्रेलियातील गूलवा येथे १९९३ मध्ये अशा पुरुषांसाठी सामायिक शेड सुरू झाली. ‘मेन्स शेड’ हे नाव घेऊन उघडलेली पहिली शेड म्हणून व्हिक्टोरिया राज्यातील टोंगाला या गावच्या शेडचा (१९९८) उल्लेख केला जातो. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियन मेन्स शेड असोसिएशन ही मध्यवर्ती संघटना स्थापन झाली आणि २०१० च्या राष्ट्रीय पुरुष-आरोग्य धोरणात शेडना सरकारी पाठबळ मिळाले. आयर्लंडमध्ये २०११ साली आणि ब्रिटनमध्ये २०१३ साली तेथील संघटना उभ्या राहिल्या. आज एकट्या ऑस्ट्रेलियात हजारावर शेड आहेत. बॅरी गोल्डिंग यांनी या चळवळीचा इतिहास २०१५ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. पुरुष समोरासमोर बसून मन मोकळे करत नाहीत, शेजारी उभे राहून काम करताना बोलतात, हे या चळवळीचे गृहीतक आहे. रंधा मारणाऱ्याची नजर फळीवर असते. त्यामुळे बायकोच्या आजारपणाचा किंवा स्वतःच्या झोप न येण्याचा विषय त्याला जड जात नाही.

रचना : शेडला जागा बहुधा नगरपालिका, चर्च, रुग्णालय किंवा शाळा देते. एका बाजूला करवत, रंधा, लेथ, वेल्डिंग यांची जागा, दुसऱ्या बाजूला चहाचे टेबल अशी सर्वसाधारण मांडणी असते. हे टेबल शेडचे अर्धे अंग मानले जाते. खर्च वर्गणी, देणग्या आणि बाहेरून आलेल्या कामांतून भागतो. शाळेची बाकडी, खेळणी, पक्ष्यांची घरटी, जुन्या सायकलींची दुरुस्ती ही नेहमीची कामे. यंत्राला हात लावण्यापूर्वी त्याची माहिती घेणे आणि एकट्याने यंत्र न चालवणे हे नियम जवळपास सगळीकडे असतात. कारभार सभासदांतून निवडलेली छोटी समिती पाहते.

सभासदांचे वेगवेगळे कल : शेडमध्ये येणारे सगळे एकाच कारणासाठी येत नाहीत. कसबी कारागिराला चांगले यंत्र आणि चोख काम हवे असते. नवख्याला कोणी तरी शिकवणारा हवा असतो. एकाला घरची खुर्ची दुरुस्त करायची असते, तर दुसऱ्याला गावासाठी काही करावेसे वाटते. काही जण केवळ चहाला येतात, आणि शेडची सर्वांत जास्त गरज बहुधा त्यांनाच असते. खजिनदाराला बाहेरची कामे हवी असतात, कारण विजेचे बिल त्यांतून भरायचे असते. पण चाळीस वर्षे साहेबाची तारीख सांभाळून निवृत्त झालेल्या माणसाला पुन्हा तारखेच्या धाकात राहायचे नसते. ऑर्डरी वाढत गेल्या की शेडचा कारखाना होतो आणि संथ हाताचे लोक गळतात. कामच उरले नाही, तर कसबी लोक येईनासे होतात आणि यंत्रांवर धूळ बसते. स्त्रियांना सभासद करून घ्यावे की नाही हाही अनेक शेडमधला कायमचा विषय. कोठे त्यांच्यासाठी वेगळा दिवस असतो, कोठे शेड सर्वांनाच खुली असते.

या ओढाताणीवर रुळलेले उपाय साधे आहेत. वेळ वाटून दिली जाते : आवाजी यंत्रांचे दिवस वेगळे, शांत कामाचे वेगळे. चहाच्या ठरलेल्या वेळी सगळी यंत्रे बंद होतात, म्हणजे कारागिरालाही टेबलावर येऊन बसावे लागते. बाहेरच्या कामाचे पैसे शेडच्या खात्यात जातात. स्वतःचे काम करणारा लाकडाची किंमत भरतो. नवी ऑर्डर घेण्यापूर्वी ती करणार कोण हे बैठकीत विचारले जाते आणि कोणी पुढे आला नाही तर ती परत जाते. नवख्याला एखाद्या जुन्या सभासदाच्या हाताखाली दिले जाते. किल्ली एकाच माणसाकडे राहिली की शेड त्याची होऊन बसते, म्हणून किल्लीची पाळी लावतात.

मराठी मुलखातील समांतर संस्था : महाराष्ट्रात वयस्करांचे संघटन ज्येष्ठ नागरिक संघांच्या रूपाने झाले. त्यांचा महासंघ ‘फेस्कॉम’ १९८० मध्ये स्थापन झाला. महानगरपालिकांची विरंगुळा केंद्रे आणि मुंबईत गिरगाव चौपाटीला १९९९ मध्ये झालेले नाना-नानी पार्क हे त्याच वाटेवरचे टप्पे. या संस्था स्त्री-पुरुष दोघांच्या असून त्यांचा भर व्याख्यान, योगासने, सहली, वाढदिवस आणि आरोग्य तपासणी यांवर असतो. हत्यारांना तेथे जागा नसते. वेगवेगळ्या मनांच्या सभासदांचा मेळ कसा बसतो याचा चांगला दाखला हास्य क्लबचा आहे. डॉ. मदन कटारिया यांनी मार्च १९९५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या लोखंडवाला भागातील बागेत पाच जणांनिशी तो सुरू केला. आरंभी रोज एकेक जण विनोद सांगे. काही दिवसांत चांगले विनोद संपले आणि उरलेले काहींना खटकू लागले. क्लब बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा विनोद सोडून देऊन विनाकारण हसण्याचा व्यायाम ठरवण्यात आला. ज्यावरून मतभेद होत होते ती गोष्ट बाजूला पडली आणि ज्यासाठी लोक जमत होते ती शिल्लक राहिली.

पांढुर्णा व सौंसर : हे दोन्ही तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते, २०२३ मध्ये त्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हा भाग मध्य प्रदेशात राहिला. नागपूर व अमरावती जिल्ह्यांच्या सीमेला लागून असल्याने बोली, सोयरीक आणि बाजार वऱ्हाड-नागपूरकडचे, तर कचेरी व शाळा हिंदीच्या. संत्री आणि कापूस ही मुख्य पिके. सौंसरजवळ बोरगावचे औद्योगिक क्षेत्र आहे.

पुरुषांची रोजची बैठक येथे पारावर आणि पानठेल्यावर भरते. हाताचे काम आणि गप्पा एकत्र नांदण्याची जुनी जागा म्हणजे वाढईचे आवार. मिरग (मृग नक्षत्र) जवळ आला की वखर, डवरा, तिफण आणि बंडीची चाके दुरुस्तीसाठी तेथे येऊन पडत. प्रत्येकाला आपले काम आधी हवे असे. पाळीची वाट पाहणारे शेतकरी तेथेच बसत, कोणी लाकूड धरी, कोणी लोहाराचा भाता ओढू लागे. कोणाचे काम आधी करायचे हा वाढईचा अधिकार. बलुत्याने वर्षभर बांधलेला असल्यामुळे त्याला कोणालाच दुखवून चालत नसे. ट्रॅक्टर आणि तयार लोखंडी अवजारे आल्यावर ही बैठक विरळ झाली.

दुसरी जागा भजनी मंडळाची. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांनी अमरावती जिल्ह्यातील मोझरी येथे १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रम स्थापन केला. त्यातून वाढलेल्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाचा विस्तार विदर्भाला लागून असलेल्या मध्य प्रदेशातही झाला. सकाळी सामुदायिक ध्यान व ग्रामसफाई, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना आणि खंजेरी भजन असा मंडळाचा परिपाठ असतो. ज्याला गळा आहे तो भजन म्हणतो, ज्याला नाही तो झाडू घेतो किंवा सतरंजी टाकतो. पावसाळ्यात खंजेरीचे चामडे ओलाव्याने ढिले पडते. शेकोटीवर तापवून ते आवळून येईपर्यंत भजन थांबते आणि तेवढ्या वेळात गावच्या बातम्यांची देवाणघेवाण होते. प्रार्थनेची वेळ आणि क्रम ठरलेला असल्यामुळे रोज नव्याने वाद घालण्यासारखे फारसे उरत नाही.

स्थानिक रूप कसे असेल : या भागात सामायिक कार्यशाळा चालवायची तर वेळापत्रक शेतीवरून ठरेल. कापूस वेचणी आणि संत्र्याच्या तोडीच्या दिवसांत शेतकरी मोकळा नसतो. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली बसवत नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळचीच वेळ सोयीची. कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर आणि वावर मुलाच्या हाती सोपवलेला शेतकरी यांच्या गरजा वेगळ्या : पहिल्याच्या हाती कसब आहे पण ओळखी कमी, दुसऱ्याच्या ओळखी गावभर पण हात रिकामे. नोंदणीही सीमेनुसार बदलते. पांढुर्ण्यातली संस्था मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली नोंदवली जाते, तर शेजारच्या वरूड किंवा नरखेडच्या संस्थेला महाराष्ट्राचे कायदे लागू होतात. त्यामुळे बैठक मराठीत आणि कागदपत्रे हिंदीत अशी दुहेरी तयारी ठेवावी लागते.

कामाची निवड करताना सर्वांना पटेल असे एक काम येथे हाताशीच आहे : तान्ह्या पोळ्याच्या नंदीबैलांची दुरुस्ती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीवर गोटमार, म्हणजे दोन्हीकडच्या लोकांची परंपरेने चालत आलेली दगडफेक, असते. त्याच दिवशी पोरांचा तान्हा पोळा. त्यासाठी चाकांवरचे लाकडी नंदीबैल वर्षभर माळ्यावर ठेवलेले असतात आणि आयत्या वेळी कोणाचे चाक निखळलेले, कोणाचे शिंग तुटलेले निघते. चाक कातायला कसबी हात लागतो, रंग द्यायला नवखाही चालतो, आणि गप्पिष्टाला नंदी घेऊन आलेल्या पोराला थोपवून धरण्याचे काम देता येते. वाढईच्या आवारात मिरगाला होई तशी घाई येथेही होईलच. फरक एवढाच की पोळा संपला की तारीखही संपते, आणि पुढच्या श्रावणापर्यंत शेडला पुन्हा संथ चालता येते.