रेघ कुणाच्या हातात?

नववी-दहावीतली मुलगी घरात आलेख काढत बसली की आपण लांबूनच म्हणतो, "हे काही आपल्या कामाचं नाही बाई." आडवी रेघ, उभी रेघ, मध्ये ठिपके, आणि ठिपके जोडून एक सरळ रेघ. पण गटाची कर्जाची बैठक असो, नाहीतर अंगणवाडीत बाळाचं वजन असो, तिथं हीच रेघ आपल्यासमोर येते. म्हणून आज आपण तिचा इतिहास बघणार आहोत.

सुरुवात आपल्या ओळखीच्या गोष्टीनं करू. ठिपक्यांची रांगोळी आपण सगळ्याच काढतो. शेजारणीला ठिपका दाखवायचा असेल तर आपण म्हणतो, "डावीकडून चौथा, खालून आठवा." दोन आकडे सांगितले की ठिपका सापडतो, दुसरं काही सांगावं लागत नाही. शाळेच्या पुस्तकात या दोन आकड्यांना निर्देशक म्हणतात. आडव्या आणि उभ्या मुख्य रेघांना अक्ष म्हणतात, आणि त्या जिथं भेटतात तो आरंभबिंदू. जगाचा नकाशा करणाऱ्या टॉलेमीनं सुमारे 1900 वर्षांपूर्वी हजारो गावांच्या जागा अशाच दोन-दोन आकड्यांनी लिहून ठेवल्या होत्या.

समीकरणं तर आपल्याकडेही जुनी आहेत. भास्कराचार्यांनी 1150 साली 'सिद्धान्तशिरोमणी' हा ग्रंथ लिहिला. त्याचा एक भाग बीजगणिताचा आहे. जो आकडा माहीत नाही त्याला त्यात 'यावत्तावत्' म्हटलं आहे. असे आकडे एकाहून जास्त असतील तर पुढच्यांना रंगांची नावं दिली आहेत: कालक, नीलक, पीतक. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण इथं एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, तिथं मठ काढल्याचं त्यात कोरलेलं आहे. म्हणजे आकडेमोड होती, शाळाही होती. पण समीकरण जमिनीवर ठिपके मांडून डोळ्यांनी बघायचं, ही रीत अजून आलेली नव्हती.

ती आली फ्रान्सच्या दोन माणसांकडून, जवळजवळ एकाच वेळी. रेने देकार्त यांनी 1637 साली भूमितीवर लिहिलं आणि दाखवलं की समीकरण आणि रेघ या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. छतावर फिरणारी माशी बघून त्यांना ही कल्पना सुचली अशी गोष्ट मुलांना सांगतात, पण त्यांच्या पुस्तकात अशी कुठलीही माशी नाही. दुसरे पिअर द फर्मा. ते तुलूझ शहराच्या न्यायालयात काम करायचे आणि गणित आवडीनं करायचे. साध्या पहिल्या घाताच्या समीकरणातून नेहमी सरळ रेघच निघते, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. पण त्यांचं हे लिखाण छापलं गेलं 1679 साली, ते वारल्यानंतर चौदा वर्षांनी.

आता ही सरळ रेघ आपण काढून बघू. समजा, आपला गट मसाला करतो. मिरची बाहेर कांडून आणली तर किलोला 40 रुपये पडतात. एक विक्रेता येतो आणि म्हणतो, "ताई, स्वतःचं कांडप यंत्र घ्या, पैसे वाचतील." यंत्राचा हप्ता आणि जागेचं भाडं मिळून महिन्याला 3000 रुपये, आणि वीज-मजुरी किलोला 10 रुपये. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुम्ही तुमचे घ्या.

अंगणात ठिपके मांडा, आडवे सात आणि उभे तेरा. डाव्या कोपऱ्यातला खालचा ठिपका म्हणजे शून्य. तिथून उजवीकडे प्रत्येक ठिपक्याला 25 किलो मिरची, आणि वर प्रत्येक ठिपक्याला 500 रुपये खर्च.

पहिली रेघ बाहेरच्या कांडपाची. शून्य किलोला शून्य रुपये, म्हणून ती कोपऱ्यातूनच निघते. 50 किलोला 2000 रुपये, म्हणजे उजवीकडे दोन, वर चार. 100 किलोला 4000, म्हणजे उजवीकडे चार, वर आठ. 150 किलोला 6000, म्हणजे उजवीकडे सहा, वर बारा. जोडा, सरळ रेघ येते.

दुसरी रेघ आपल्या यंत्राची, ती वेगळ्या रंगानं काढा. एक किलोही कांडलं नाही तरी 3000 द्यायचेच आहेत, म्हणून ही रेघ कोपऱ्यातून निघत नाही, सहा ठिपके वरून निघते. 50 किलोला 3500, म्हणजे वर सात. 100 किलोला 4000, म्हणजे वर आठ. 150 किलोला 4500, म्हणजे वर नऊ. हीसुद्धा सरळच, पण हिचा चढ कमी.

दोन्ही रेघा 100 किलोवर एकमेकींना छेदतात. महिन्याला 100 किलोपेक्षा कमी काम असेल तर यंत्र तोट्यात घालणार. जास्त असेल तर वाचवणार. विक्रेता खोटं बोलत नव्हता, पण पैसे कधी वाचतील ते त्यानं सांगितलं नव्हतं. आता बैठकीत विचारायचा प्रश्न एकच उरतो: आपल्याकडे दर महिन्याला 100 किलोच्या वर मिरची येते का? पावसाळ्यातसुद्धा?

रेघ कुठून निघते ते बघा, कारण तिथं न चुकणारा खर्च बसलेला असतो. रेघ किती चढते ते बघा, कारण तिथं दर बसलेला असतो. एवढं वाचता आलं की आलेख वाचता आला.

मग ही विद्या बायकांपर्यंत कशी पोचली? देकार्त यांनी लॅटिन सोडून फ्रेंचमध्ये लिहिलं खरं, पण पुस्तक मुद्दाम अवघड ठेवलं आणि बऱ्याच पायऱ्या गाळल्या. तरीही एका बाईनं ते आत्मसात केलं. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिचं घराणं राज्य गमावून हॉलंडमध्ये आश्रयाला होतं. 1643 साली देकार्त यांनी तिला तीन वर्तुळांचं एक जुनं कोडं घातलं. तिनं ते बीजगणितानं सोडवून पाठवलं.

तिच्यानंतर शंभर वर्षांनी इटलीतल्या मिलान शहरात मारिया गाएताना आन्येसी हिनं मोठं काम केलं. वडिलांची तीन लग्नं, एकवीस मुलं, त्यात ही थोरली. भावांना शिकवता शिकवता तिनं पुस्तक लिहायला घेतलं. 1748 साली ते दोन खंडांत छापलं गेलं. समीकरणं आणि रेघा यांपासून पुढच्या अवघड गणितापर्यंत सगळं क्रमानं, एकही पायरी न गाळता, आणि शिकणाऱ्यांना कळावं म्हणून लॅटिनऐवजी इटालियन भाषेत. जॉन कोल्सन नावाच्या इंग्रज प्राध्यापकानं तर हे पुस्तक भाषांतरित करण्यासाठी उतारवयात इटालियन शिकून घेतलं. 1750 साली बोलोन्याच्या विद्यापीठात आन्येसीची नेमणूक झाली, पण ती तिकडे शिकवायला गेली नाही. पुढचं आयुष्य तिनं गरीब आणि आजारी बायकांच्या सेवेत घालवलं. 1799 साली ती गेली.

आता या इतिहासाचं शेवटचं पान, आणि ते आपल्या घरातलं आहे. 1950 नंतरच्या काळात डेव्हिड मॉर्ले नावाचे इंग्रज बालरोगतज्ज्ञ आफ्रिकेत नायजेरियाच्या खेड्यांत काम करत होते. मूल अंथरुणाला खिळल्यावरच दवाखान्यात येतं, तोवर उशीर होतो, हे ते रोज बघत होते. त्यांनी एक तक्ता केला. आडवं बाळाचं वय, उभं वजन, दर वेळी एक ठिपका. आणि तो तक्ता दवाखान्याच्या कपाटात न ठेवता आईच्या हातात दिला. तिनं तो घरी जपायचा आणि येताना आणायचा.

आपल्या देशात एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला 33 प्रकल्पांत सुरू झाली. अंगणवाडीतला वाढीचा तक्ता हा त्या रेघेचाच वारसा. आजच्या तक्त्यामागे जागतिक आरोग्य संघटनेनं 2006 साली दिलेली मापं आहेत. ती सहा देशांतल्या बाळांवरून ठरवली, आणि त्यात आपला भारतही होता. मुलीचा तक्ता वेगळा, मुलाचा वेगळा. हिरवा पट्टा बरा, पिवळा सावध करणारा, केशरी धोक्याचा.

पण मैत्रिणींनो, फक्त रंग बघू नका. रेघेची दिशा बघा. रेघ चढती असेल तर बाळ वाढतंय. रेघ आडवी झाली, म्हणजे वजन महिनाभर तिथंच थांबलं, तर ठिपका हिरव्यात असला तरी विचारा: आहार कमी पडतोय का, जुलाब झाले होते का, ताप येऊन गेला का? आणि रेघ खाली वळली तर थांबू नका, सेविकाताईंना घेऊन आरोग्य केंद्र गाठा. बाळ हसतंय, खेळतंय, म्हणून डोळ्यांना जे कळत नाही ते ही रेघ आधी सांगते.

भास्कराचार्यांच्या मठात आपल्याला जागा नव्हती. आन्येसीच्या काळीही बहुतेक बायकांच्या हाती पुस्तक नव्हतं. आज तक्ता आपल्याच नावानं भरला जातो आणि कर्जाच्या कागदावर सही आपलीच असते. मग रेघ दुसऱ्यानं वाचून का सांगावी?

या महिन्यात दोन कामं करू या. अंगणवाडीत जाल तेव्हा म्हणा, "ताई, आजचा ठिपका मी मांडते." आणि गटाच्या पुढच्या बैठकीत, मोठा खर्च ठरवण्याआधी, नववीतल्या एखाद्या मुलीला बोलवा. अंगणात ठिपके मांडा. ती समीकरण सांगेल, भाव आणि हप्ते आपल्याला पाठ आहेतच. दोन रेघा कुठं छेदतात ते सगळ्यांनी उभं राहून बघा, आणि मगच सही करा.